सोपान गाडेकरचा दुखवटा

"हा मीच का गं, चंद्राबाई?" सोपाननं विचारलं.

समितीच्या बैलगाडीतून आलेली तसबीर निवृत्तीनं त्याच्या बाजेशी आणून धरली होती. काचेच्या आत सोपान, टोपी घातलेला, शाळेच्या फोटोतून कापून मोठा केलेला. वरून चंदनाचा हार. खाली वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'हुतात्मा सोपान गाडेकर'. आणि खरा सोपान माझ्यासमोर बाजेवर, मांडीला बांबूच्या कामट्या बांधलेल्या, अंगात फणफणून ताप.

"तूच की," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाचं नाक एवढं फेंदारलेलं आहे छावणीत?"

तो हसायला गेला. मांडी हलली तसा कळवळला आणि घोंगडीचं टोक दातात धरून गप्प पडून राहिला. मग म्हणाला, "मी मेलो कधी पण? मला कुणी सांगितलंच नाही."

हे अठ्ठेचाळीस सालचं, थंडी सरतानाचं. ओढ्याच्या पलीकडं निजामाचं राज्य, अलीकडं आपलं. अलीकडच्या काठावर कापसाचं एक ओस पडलेलं जिनिंग होतं, त्याच्या शेडमध्ये आमची छावणी. पोरं अंधाराची पलीकडं जायची, निजामाचे नाके जाळायची, बंदुका हिसकून आणायची. माझा नवरा गुलबर्ग्याच्या तुरुंगात होता. घरी बसून रडण्यापेक्षा मी इथं येऊन भाकरी थापत होते. सातवी शिकलेली, अक्षर बरं, म्हणून छावणीचा पत्रव्यवहारही माझ्याच गळ्यात आला.

पत्रव्यवहार कसला, भीक मागणंच ते. शहरात आमच्यासाठी एक समिती होती. वकील, डॉक्टर, आडत्ये, सगळी पोट भरलेली माणसं. पीठ, मीठ, चपला, काडतुसं, सगळं त्यांच्याकडं लिहून मागायचं. आम्ही चपला मागितल्या की ते पत्रकं पाठवायचे. मीठ मागितलं की विचारायचे, मागच्या मिठाचा विनियोग कसा झाला? कसा झाला म्हणजे? खाल्लं, मेल्यांनो!

आणि आज, न मागता, ज्वारीची पोती, नव्या कोऱ्या घोंगड्या आणि पाटीभर बुंदीचे लाडू. सोबत पत्र. आमचे प्रमुख आप्पा ते शेडच्या दारात उभं राहून वाचत होते. मी जाऊन त्यांच्या हातातनं घेतलं.

'वीर सोपान यांच्या हौतात्म्याने समिती शोकमग्न झाली आहे. येत्या रविवारी दुपारी चार वाजता मंडईच्या पटांगणात दुखवट्याची जाहीर सभा योजिली आहे. सोपान-निधीस नागरिकांचा उदंड प्रतिसाद लाभत असून त्यातून पहिली मदत सोबत पाठवीत आहोत.'

"आणि औषध?" मी विचारलं. "सल्फाच्या गोळ्या? डॉक्टर पाठवा म्हणून लिहिलं होतं, त्याचं काय?"

"त्याचा उल्लेख नाही," आप्पा म्हणाले. त्यांची नजर पोत्यांवर होती. "काहीतरी गैरसमज झालाय. खुलासा पाठवू. घ्या लिहून."

"खुलासा त्यांनी वाचेपर्यंत आठवडा जाईल, उत्तराला दुसरा. आप्पा, त्या पायाला वास यायला लागलाय. जवळ जाऊन बघितलंत का तुम्ही?"

आप्पांनी बघितलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. कॉलेज सोडून आलेला, गोळीला छाती देणारा, पण पू बघितला की तोंड फिरवायचा. सोपानला जकातीच्या नाक्यावर गोळी लागली, मांडीचं हाड फुटलं. खेड्यातल्या हाडवैद्यानं कामट्या बांधून दिल्या आणि हलवू नका म्हणून बजावलं. सरकारी दवाखान्यात न्यावं तर गोळीची जखम, म्हणजे पोलीस आले, जबान्या आल्या, आणि छावणीवर टाच. म्हणून औषध इथंच यायला हवं होतं.

"मी जाते," मी म्हटलं. "उद्या रविवारच आहे."

"जा. पण जरा जपून बोला, चंद्राताई. पोरं आज किती दिवसांनी पोटभर जेवतील."

पोरं जेवलीच. सोपाननंही एक लाडू मागून घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा तसाच हातात राहिला. निघताना त्यानं माझा हात धरला. हात तव्यासारखा तापलेला.

"औषधाचं जाऊ दे एक वेळ," तो म्हणाला. "हे आईच्या कानावर गेलं नसंल ना? ती मामाकडं असते, माळेगावला. तिला मी एकटाच आहे गं. तेवढं बघ."

"बघते. आणि औषधाचं जाऊ दे म्हणायची तुझी काय बिशाद? औषध घेऊनच येते."

---

रविवारी दुपारी मी आणि निवृत्ती शहरात पोचलो. हा निवृत्ती आमचा टपालवाला. छावणीची पत्रं पागोट्यात खोचून शहरात आणायचं काम त्याच्याकडं. समितीचे अध्यक्ष तडवळकर वकील ओसरीवर झोपाळ्यात बसून भाषणाची तयारी करत होते. मला बघून उठले, हात जोडले, चेहरा लगेच दुःखी केला.

"या, ताई. फार मोठं बलिदान झालं."

"बलिदान डोंबलाचं! सोपान जिवंत आहे."

झोपाळा करकरत राहिला. वकिलांनी तो पायानं थांबवला.

"म्हणजे... आहे?"

"आहे. तापानं फणफणलाय, पाय सडत चाललाय, पण आहे."

त्या माणसाचा चेहरा पडला हो! कुणी जिवंत आहे हे ऐकून चेहरा पडलेला माणूस मी उभ्या जन्मात तेवढा एकच पाहिला.

"अहो पण तुमचंच पत्र!" ते एकदम तापले. "वर श्री नाही, नमस्कार नाही, पहिलीच ओळ, 'कळविण्यास अत्यंत वाईट वाटते की आपला सोपान गाडेकर'. आणि पत्राचा कोपरा फाडलेला! आता कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे काय, हे आम्ही तुम्हाला सांगायचं का?"

सांगायला नकोच होतं. मयताची बातमी कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडतात, हे शेंबडं पोरही जाणतं. तसलं पत्र दाराबाहेर वाचायचं, घरात आणायचं नाही. श्री नसल्याचं कारण मला ठाऊक होतं. आप्पा पक्के नास्तिक, क्रांतीला देवाची शिफारस नको म्हणायचे. पण कोपरा?

मी निवृत्तीकडं बघितलं. तो पायरीवर बसून तंबाखू मळत होता. मळता मळता थांबला.

"चुन्याला कागद नव्हता, बाई," तो खाली मान घालून म्हणाला. "जराशीच चिंधी काढली मी."

त्याला काय बोलणार? मी वकिलांकडं वळले. "आणि पुढचं? पानभर मजकूर होता. गोळी कुठं लागली, औषध कुठलं पाहिजे, सगळं लिहिलं होतं मी."

"पुढचं कोण वाचतं? घरात वडील आहेत, सोवळंओवळं आहे. दारात पहिली ओळ वाचली, तिथंच पत्राचे तुकडे केले आणि विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं."

अंघोळ केली म्हणे! माणूस औषधासाठी तडफडतोय आणि ह्यांनी अंघोळ केली.

"बरं, झालं ते झालं," मी म्हटलं. "आता डॉक्टर द्या, नाहीतर औषध द्या. मी या पावली परत जाते."

वकिलांनी ओसरीचं दार लोटून घेतलं. आवाज मऊ केला.

"देतो. का नाही देणार? आपलाच मुलगा आहे. पण जरा व्यवहार समजून घ्या. आजवर तुमच्या छावणीसाठी झोळी फिरवली तर लोक दारं लावून घ्यायचे. सोपान गेला म्हटल्यावर बायकांनी अंगावरचे सोन्याचे डाग काढून दिले, डाग! ज्वारी कशातनं आली तुमची? आता आज सभेच्या दिवशी सांगायचं की तो आहे? लोक आम्हाला जोड्यानं मारतील, आणि तुम्हाला पुन्हा दाणा मिळायचा नाही. सगळ्या पोरांनी उपाशी मरायचं का एकासाठी?"

"मग त्यानं काय करायचं? मरायचं?"

"असं कोण म्हणतंय? चारला सभा. डॉक्टर कुर्डूकरच सभेला अध्यक्ष आहेत, दवाखान्याची किल्ली त्यांच्याकडं. सभा झाली की ते स्वतः गोळ्या काढून देतील. तोवर तुम्ही बायकांत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. पुढं लढा संपल्यावर सावकाश जाहीर करू. काय घाई आहे?"

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी पाहिले होते. इथं मढं व्हायची वाट बघायलासुद्धा कुणाला सवड नव्हती. मला अशी किळस आली की काय सांगू! आतून त्यांच्या बायकोनं पान वाढल्याचा निरोप पाठवला होता. श्रीखंड होतं. मी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

पण गप्प बसले. गोळ्या हव्या होत्या.

---

मंडईचं पटांगण फुलून गेलं होतं. व्यासपीठावर सोपानची तसबीर, आमच्याकडं पाठवली होती तिच्या दुप्पट. उदबत्त्या. एक बुवा पेटीवर काहीतरी रडकं गात होते. वकिलांनी भाषणाला सुरुवात केली. सोपान म्हणे लहानपणापासून देशासाठी तळमळायचा, मरताना त्यानं पाणी न मागता झेंडा मागितला, शेवटचा शब्द 'मातृभूमी' होता. माझ्या शेजारची बाई पदरानं डोळे पुसत होती. मी दातावर दात दाबून बसले होते. सोपान नाक्यावर पडला तेव्हा काय म्हणाला होता ते पोरांनी मला सांगितलं होतं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"आणि आता," वकील म्हणाले, "या नरवीराला जन्म देणाऱ्या वीरमातेचा सन्मान!"

दोन बायका एका म्हातारीला धरून वर घेऊन आल्या. काळीसावळी, हाडकलेली, डोक्यावरचा पदर धड सावरता येईना. तिला खुर्चीत बसवलं. वकिलांनी तिच्या ओटीत नारळ घातला, खांद्यावर घडीचं इरकली लुगडं ठेवलं. तिनं लुगड्याकडं बघितलंही नाही. ती तसबिरीकडं बघत होती, आणि तिचे ओठ नुसते हलत होते.

मथुराक्का. सोपानची आई. हिला माळेगावाहून आणून बसवलं होतं, आणि वकिलांनी मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

गोळ्या गेल्या खड्ड्यात, असंच माझ्या मनात आलं. मी उठून उभी राहिले.

"सोपान जिवंत आहे!" मी ओरडले.

"अमर रहे!" सगळं पटांगण गरजलं.

"अहो ऐका! तो जिवंत आहे! मी कालच बघितलंय त्याला!"

"अमर रहे! अमर रहे!"

"त्याला औषध पाहिजे! औषध द्या त्याला!"

लोक टाळ्या वाजवायला लागले. शेजारच्या बाईनं मला मिठीच मारली, "खरं आहे गं बाई, असली माणसं मरत नसतात" म्हणाली. आणि तो तडवळकर! तो एक क्षण घाबरला, आणि लगेच माझ्याकडं हात करून म्हणाला, "पाहिलंत, बंधूंनो? या भगिनीच्या मुखातून सोपानच बोलतो आहे! तो जिवंत आहे, तुमच्या-आमच्या हृदयात!"

पुन्हा टाळ्या.  

पण म्हातारी खुर्चीतून उठली होती. तिला धरायला आलेल्या बायकांना तिनं बाजूला केलं, व्यासपीठाच्या पायऱ्या बसत बसत उतरली आणि गर्दीतून थेट माझ्यापाशी आली.

"पोरी, माझ्या डोळ्यात बघून बोल. हाय का न्हाय?"

"आहे, मावशी. तुमचं लुगडं-नारळ सगळं खोटं. मांडीला गोळी लागलीय, ताप आहे. मला म्हणाला, आईचं तेवढं बघ."

तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की महिनाभर वळ होता. रडली नाही, विचारलं नाही, कसं झालं, कुणाची चूक. एवढंच म्हणाली, "अवशद कुणाकडं हाय?"

मी डॉक्टरांकडं बोट दाखवलं. मथुराक्का परत वर चढली. हार घालून बसलेल्या कुर्डूकर डॉक्टरांच्या कोटाला तिनं हात घातला आणि सगळ्या सभेसमोर त्यांना खुर्चीतून उठवलं. लोकांना वाटलं, पुत्रशोकानं बिचारीचं डोकं फिरलं. ते हळहळत बघत राहिले.

डॉक्टरांनी आम्हाला मागच्या गल्लीतून दवाखान्यात नेलं, कपाट उघडलं, सल्फाच्या गोळ्यांची बाटली माझ्या हातात कोंबली.

"तुम्ही चला ना, डॉक्टर," मी म्हटलं. "हात जोडते. पाय बघा एकदा."

"मला सभेत आभाराचं बोलायचंय अजून," ते घाम पुसत म्हणाले. "आणि मी तुम्हाला काही दिलं, हे कुठं बोलू नका."

---

मथुराक्का छावणीत आली तेव्हा सोपान जागा होता. तिला बघितलं आणि तो लहान पोरासारखा हमसून रडला. ती त्याच्या उशाशी बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, म्हणाली, "गप. आता मी आलेय न्हवं?" मग लुगड्याची घडी तिच्या खांद्यावरून घसरली तशी त्यानं डोळे पुसून विचारलं, "हे कुणी दिलं?"

"तू मेलास म्हणून दिलं, भाड्या," ती म्हणाली, आणि दोघंही हसले. तसं हसणं मी पुन्हा कुठं ऐकलं नाही.

गोळ्या चालू केल्या. पहिल्या दिवशी ताप जरा उतरला. आम्हाला वाटलं, तरला. आप्पासुद्धा बाजेशी येऊन बसले, नाकाला रुमाल न लावता. पण मांडी काळी पडत वर चालली होती. हाडवैद्यानं बघितलं आणि उठून गेला. समितीनं पहिलं पत्र नुसतं उलटून बघितलं असतं, तर याच गोळ्या किती आधी पोटात गेल्या असत्या! सोपान दोन दिवस बरळत होता. मातृभूमी नाही की झेंडा नाही. "आई, पाणी" एवढंच म्हणत होता, आणि मथुराक्का चमच्यानं पाणी पाजत होती. गुरुवारी उजाडता उजाडता तो गेला.

त्याला शेडच्या दारात ठेवलं होतं आणि पोरं लाकडं गोळा करत होती, तेवढ्यात समितीचा माणूस सायकलवर आला. आमच्या मिठाच्या पत्राला उत्तर यायला पंधरवडा लागायचा. हे पत्र खास माणूस घेऊन आला होता. आप्पांनी फोडलं, वाचलं आणि घाईनं घडी घातली.

"काय लिवलंय?" मथुराक्कानं विचारलं.

"काही नाही, आई. छावणीचं काम आहे."

"माझ्या पोराचं नाव दिसलं मला तुमच्या तोंडावर. वाच गं तू."

आप्पांनी मला डोळ्यानं नको म्हटलं. मी पत्र त्यांच्या हातातनं ओढलं आणि अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं.

'श्री. सोपान गाडेकर हे हयात असल्याचे कळून समितीस आनंद झाला. तथापि त्यांच्या मातोश्रींस सोपान-निधीतून अर्पण केलेले इरकली लुगडे हे हौतात्म्याप्रीत्यर्थ होते. सांप्रतच्या परिस्थितीत ते देय ठरत नसल्याने पत्रवाहकासोबत परत पाठवावे. ज्वारी व घोंगड्यांबाबत मागाहून कळवू.'

 सायकलवाला पायडलकडं बघत उभा होता. बाजूला घोंगडीखाली सोपान.

 मथुराक्का म्हणाली, "दौत आण. लिही."

मी लिहायला बसले.

"लिही, पोरगं आज उजाडता गेलं." ती थांबली. घोंगडीवरची एक माशी हातानं उडवली. "आता लुगडं ठिवू का, कळवा."

"चंद्राताई, असं नका लिहू," आप्पा म्हणाले. "समितीचा अपमान होईल."

मी लिहिलं. जसं म्हातारी बोलली तसंच लिहिलं, तिचा अंगठा घेतला आणि कागद सायकलवाल्याच्या खिशात घातला. आप्पांचं मी त्या दिवशी ऐकलं नाही, आणि मग पुन्हा कधीच ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारीच उत्तर आलं. छापील कागद, वर समितीचं नाव, खाली तडवळकरांची सही.

'आपले पत्र पावले. लुगडे ठेवण्यास हरकत नाही. ज्वारीचाही प्रश्न आता उरला नाही.'